ऐकून ठरवलं, लि. रो.

लिंडसे रोडाने बनवलेल्या कुठल्याही स्पीकरची मागची फळी काढलीत, तर आत प्लायवूडच्या तुकड्यावर तांब्याच्या तारेची दोन वेटोळी, तीन-चार कॅपॅसिटर आणि एक पांढरा रेझिस्टर बसवलेला दिसेल. तो तुकडा उलटा करा. पाठीवर पेन्सिलीने साल लिहिलेलं असतं, रेझिस्टरचा आकडा असतो, आणि त्याखाली एक ओळ: 'ऐकून ठरवलं, लि. रो.' सत्तावीस वर्षांत त्याने अशा सात जोड्या केल्या. सातही आमच्या वॉलरू गावातच आहेत आणि सातही अजून वाजतात. मोजून नाही, पुस्तकात बघून नाही, ऐकून. या एका शब्दाचा त्या माणसाला इतका ताठा होता की विचारू नका.

ताठा उगीच नव्हता म्हणा. तीस वर्षं टेलिफोन खात्यात काढलेला माणूस. लाइनवरची खरखर ऐकून 'कडाइनाच्या रस्त्यावरचा सहावा खांब, तार सैल झालीय' असं बसल्या जागी सांगायचा, आणि जाऊन बघावं तर सहावाच खांब. आजोबा गावातल्या तांब्याच्या भट्टीवर होते. भट्टी केव्हाच बंद पडली, पण 'तांब्याच्या गावचा आहे मी, तारेतलं मला कळतं' हे लिंडसेचं वाक्य काही बंद पडलं नाही.

आठवी जोडी मात्र वेगळी होती. ती ग्लेनिससाठी होती.

ग्लेनिस म्हणजे त्याची बायको. ऑक्टोबरात तिला सत्तर पूर्ण होणार होती. कपाट आवरताना लिंडसेला एक कॅसेट सापडली. एकोणऐंशी सालच्या नाताळात शेजारच्या मूंटाच्या चर्चमध्ये कॅरल्स झाली होती, त्यात सव्वीस वर्षांच्या ग्लेनिसने एक गाणं शेवटचं कडवं सोडून एकटीने म्हटलं होतं, आणि कुणीतरी ते टेप करून ठेवलं होतं. लिंडसे त्या दिवशी तिसऱ्या बाकावर होता, आईने दामटून आणला म्हणून. गाणं संपलं तेव्हा त्याच्या बाजूने लग्न ठरलं होतं. ग्लेनिसला ते चार महिन्यांनी कळलं. पुढे मुलगी झाल्यावर ग्लेनिसच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि गाणं गेलं ते गेलंच. बोलते छान, चारचौघांत ऐकवतेही सणसणीत, पण गात नाही.

तेव्हा लिंडसेने मनाशी पक्कं केलं. वाढदिवसाच्या जेवणाला जुनी गाणारी मंडळी येतील, लेक ॲडलेडहून येईल, आणि नव्या जोडीवर ती कॅसेट लागेल. आवाज असा आला पाहिजे की ऐकणाऱ्याला तिसऱ्या बाकावर बसल्यासारखं वाटावं.

"तो आवाज कसा होता ते जगात फक्त मला ठाऊक आहे," तो म्हणायचा. "तिलासुद्धा नाही. तिने तो आतून ऐकला."

हे तो ज्याला ऐकवायचा तो मर्व्ह ट्रेलोर. मर्व्ह त्याचा शाळेपासूनचा दोस्त, जन्मभर धक्क्यावरच्या सायलोत गहू-बार्ली चढवण्या-उतरवण्याचं काम केलेला. गावात निवृत्त पुरुषांसाठी एक शेड आहे. रंधा, करवत, डाग द्यायची बंदूक, चहा, आणि घरी बायकोला नको असलेला नवरा, असं सगळं तिथे मिळतं. तिथे या दोघांचा एक वाद पंधरा वर्षं चालू होता. स्पीकरमध्ये खालचा मोठा भाग जाड आवाज काढतो, वरचा छोटा बारीक आवाज काढतो. तर कुठला आवाज कुणाकडे जाणार हे ठरवायचं कुठे, एवढाच तो वाद. पण ऐकणाऱ्याला वाटावं की जमिनीच्या हद्दीवरून चाललंय.

"गहू कधी चाळावा?" मर्व्ह विचारायचा. "गाडीत भरायच्या आधी की दारात आल्यावर? तुझा ॲम्प्लिफायर बिचारा सगळा माल एका गाडीत कोंबून पाठवतो, आणि तू स्पीकरच्या पोटात बसून चाळतोस. अर्धा जोर त्या वेटोळ्यांतच जिरतो. माझ्याकडे आधी चाळायचं, मग जाड मालाला एक गाडी, बारीक मालाला दुसरी. याला म्हणतात ॲक्टिव्ह!"

"म्हणजे दोन स्पीकरला चार गाड्या, चार ड्रायव्हर आणि चार बिघाड," लिंडसे म्हणायचा. "कानामागून आली आणि तिखट झाली तुझी ॲक्टिव्ह. माझ्या पॅसिव्हमध्ये बिघडायला आहे काय? तांबं! तांबं बिघडत नाही."

"तांबं नाही रे बिघडत. माणूस बिघडतो. माझ्या पेटीला बाहेर बटण आहे. बारीक आवाज जास्त झाला, फिरवला, कमी झाला. तुझं एकदा कथलाने डागलं की दगडावरची रेघ."

"मग डागायच्या आधी नीट ऐकावं," लिंडसे म्हणायचा, आणि चहाचा कप धुवायला जायचा. कप धुवायला गेला की वाद जिंकला, असा त्याचा हिशेब.

ऑगस्टच्या शेवटी आठव्या जोडीची खोकी तयार झाली. आतले स्पीकर नेहमीचेच. शहाण्णव साली ॲडलेडचं एक दुकान बंद होताना लिंडसेने पेटीच्या पेटी आणली होती, सगळे एका जातीचे. त्यातले हे शेवटचे चार. खोकीही त्याच मापाची. तेव्हा उरला तो रेझिस्टर. वरच्या छोट्या स्पीकरच्या वाटेत तो बसवायचा. आकडा मोठा घेतला की बारीक आवाज दबतो, लहान घेतला की उसळतो. लिंडसेने बैठकीच्या खोलीत जोडी मांडली, कॅसेट लावली, आणि एकेक रेझिस्टर चिमट्याने लावून बघितला. ग्लेनिसचा आवाज यायचा, पण गोधडीआडून आल्यासारखा. शब्दांच्या कडा नव्हत्या. आकडा उतरवत उतरवत तो एकवर आला, तेव्हा कुठे त्याला वाटलं, हां, आता माणूस दिसायला लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर दोन्ही नव्या स्पीकरच्या तोंडावर क्रोशाचे रुमाल.

"ग्लेनिस! अगं, याच्यावर काही टाकू नये, किती वेळा सांगितलं? बारीक आवाज खातं ते!"

"धूळ बसते," ग्लेनिस स्वयंपाकघरातून म्हणाली.

"धूळ वर बसते. तोंडावर कशी बसेल?"

"आमच्याकडे बसते."

त्याने रुमाल काढून खुर्चीवर टाकले. संध्याकाळी परत जागच्या जागी. बायकोच्या जातीला शोभा म्हणजे काय आणि आवाज म्हणजे काय यातला फरक कळत नाही, असं पुटपुटत त्याने परत काढले. चाळीस वर्षांचा संसार; असल्या गोष्टीवरून कुणी भांडत नाही. नुसतं काढायचं आणि घालायचं.

बुधवारी मर्व्ह आपली ॲक्टिव्ह पेटी काखोटीला मारून आला. त्याचं म्हणणं साधं होतं: रेझिस्टर डागून टाकायच्या आधी या पेटीवर ऐकून बघ, बटणाने हवं तिथे आण, मग त्याप्रमाणे काय डागायचं ते डाग. लिंडसेने नाक मुरडलं, पण ती आपल्या स्पीकरना जोडून दिली. कॅसेट लावली. मर्व्हने बटण डावीकडे घेतलं, लिंडसेने उजवीकडे. मर्व्हने डावीकडे, लिंडसेने उजवीकडे.

"अरे, बायकोचा आवाज ऐकवतोयस की कढईत बेकन तळतोयस?" मर्व्ह शेवटी म्हणाला.

"तुझे कान सायलोच्या पट्ट्याने गेलेत. तीस वर्षं धडधड ऐकलीस."

"माझे गेलेत, कबूल. म्हणूनच मी मायक्रोफोन लावून मोजतो. तूही मोज. माझाच आणून देतो."

"मी मोजत नाही."

"मग ग्लेनिसला विचार."

ग्लेनिस तेव्हा दारातच होती, हातात चहाचा ट्रे. मर्व्हने तिच्याकडे बघितलं, तिने मर्व्हकडे. मग ती म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं? पेस्टी गरम आहेत, खाऊन घ्या." आणि गेली. मर्व्ह पेस्टी खाताना एक अक्षर बोलला नाही. त्या मांस-बटाट्याच्या करंज्यांत गाजर होतं, आणि गाजर घातलेल्या पेस्टीला मर्व्ह पेस्टी म्हणतच नाही, तरी बोलला नाही. लिंडसेच्या हे लक्षात यायला हवं होतं. पेटी तिथेच ठेवून मर्व्ह निघाला.

"असू दे तुझ्याकडे. बटण बाहेर आहे, कुणालाही फिरवता येतं," एवढंच म्हणाला.

त्याच आठवड्यात डोरीन पेनबर्थीची जोडी दुरुस्तीला आली. डोरीनचं केस कापायचं दुकान आहे, आणि जीभ तिच्या कात्रीपेक्षा धारदार. ही जोडी लिंडसेने केलेली सगळ्यात पहिली, शहाण्णवची. डोरीनच्या वडिलांनी घेतलेली. एका बाजूचा कॅपॅसिटर सुकून गेला होता, ते काम अर्ध्या तासाचं. पण तुकडा उलटा केल्यावर लिंडसेला हसू आलं. '१९९६. ४.७. ऐकून ठरवलं, लि. रो.'

चार पूर्णांक सात! इतका मोठा? पोरसवदा होतो, काही कळत नव्हतं, असं म्हणून त्याने दोन्हीतले रेझिस्टर काढले आणि एकचे डागले. वाजवून बघितलं. झकास. डोरीनला म्हणाला, "सुधारून दिलंय. नवं झालं समज."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या आत डोरीनची गाडी दारात. दोन्ही खोकी मागच्या सीटवर, पट्टा बांधून.

"काय करून ठेवलंस रे हे? साप बसवलायस का आत? नुसतं स्स स्स स्स! इस्त्री करताना लावलं तर आमचं कुत्रं पलंगाखाली गेलं ते बाहेर येईना!"

"बारीक आवाज मोकळा केलाय. तुला सवय नाही त्याची."

"मला सवय नको. बाबांचा होता तसा दे. आणि लिंडसे, एक सांगू? रागावू नकोस. माझ्या नवऱ्याचंही असंच झालं होतं. टीव्हीचा आवाज आम्हा सगळ्यांचे कान किटेस्तोवर." ती थांबली, आणि डोरीन बोलता बोलता थांबली हे गावात सहसा घडत नाही. "बरं, शुक्रवारी नेते."

ती गेल्यावर लिंडसे चांगलाच तापला. कुत्रं म्हणे! आता कुत्र्यांना विचारून स्पीकर करायचे. त्याच्याकडे एक जुनी वही होती, त्यात सातही जोड्यांची टिपणं. आपण नेहमी काय घातलं ते डोरीनच्या तोंडावर मारावं म्हणून त्याने ती वही काढली. शहाण्णव, चार पूर्णांक सात. अठ्ठ्याण्णव, तेच. दोन हजार तीन, तीन पूर्णांक नऊ. आठ साली तीन पूर्णांक तीन. तेरा साली दोन पूर्णांक सात. मग दोन पूर्णांक दोन. वीस साली दीड. आणि आता, त्याच्याच हातची ताजी पेन्सिल, एक.

तेच स्पीकर. तीच खोकी. तेच माप. बदललं होतं काय?

त्याने बोटाने ओळीवरून ओळीवर येत परत वाचलं. एकदाही आकडा वर गेला नव्हता. जिन्यावरून उतरावं तसे सत्तावीस वर्षं ते खाली येत होते, आणि प्रत्येक पायरीवर त्याची सही होती. टेलिफोन खात्यात असं पान दुसऱ्या कुणी समोर ठेवलं असतं तर त्याने बसल्या जागी सांगितलं असतं, तार सैल कुठे झालीय. लिंडसे स्टुलावर बसला. त्याला भीती वाटली. म्हातारपणाची त्याने तशी तयारी ठेवली होती, गुडघे, दात, सगळ्याची. पण हे त्यात धरलं नव्हतं.

पहिल्यांदा मनात आलं ते ग्लेनिसचं. तिच्या आवाजाचा जगातला एकुलता एक साक्षीदार म्हणून मिरवत होतो, आणि साक्षीदारच बहिरा!

मग त्याला रुमाल आठवले.

तो उठून घरात गेला आणि खोली-खोलीतून फिरला. त्यांच्या घरात आधीच तीन जोड्या होत्या. स्वयंपाकघरातली अठ्ठ्याण्णवची: तोंडं उघडी, वर पिठाची पांढरी बोटं, रुमाल कधीच नव्हता. बैठकीच्या कोपऱ्यातली तेरा सालची: पातळ क्रोशाचा एकेरी रुमाल. झोपायच्या खोलीतली वीस सालची: तोच रुमाल, पण दुहेरी घडीचा. आणि ग्लेनिसच्या खुर्चीशेजारी टोपलीत अर्धवट विणलेलं एक जाडजूड लोकरी प्रकरण, मापाने बरोबर नव्या खोक्याएवढं.

म्हणे धूळ बसते!

ग्लेनिस मागच्या व्हरांड्यात मटार सोलत होती. तो समोर जाऊन बसला, वही मांडीवर.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

तिने वहीकडे बघितलं आणि काय ते समजली. उगाच 'कशाबद्दल' वगैरे विचारलं नाही.

"तुला आठवतं, तू एकदा म्हणालास, हल्ली रेन येत नाहीत बागेत? शेजाऱ्याच्या मांजराने पळवले म्हणून त्याच्याशी भांडूनही आलास." रेन म्हणजे चिमुकले निळे पक्षी, त्यांची जोडपी आमच्याकडे प्रत्येक कुंपणावर असतात, सुईच्या टोकाएवढा बारीक आवाज. "तू भांडायला निघालास ना, तेव्हा चार जण त्या लिंबावर बसून कलकलत होते."

"आठ-नऊ वर्षं झाली त्याला."

"झालीच."

"आणि तू बोलली नाहीस?"

"काय बोलू? तू शेड सोडून दिली असतीस. मग दिवसभर घरात बसून माझ्या भांड्यांवर लक्ष ठेवलं असतंस." तिने दोन शेंगा सोलल्या. "आणि तुझं तोंड कसं व्हायचं रे, एखादा नवा आकडा सापडला की! मला नाही सांगवलं. म्हटलं, विणते मी. लोकर काही महाग नाही."

लिंडसेला रडू आलं. त्याने ते लपवलं नाही. ती मटार सोलत राहिली, आणि थोड्या वेळाने एक मूठ मटार त्याच्या हातात दिले, खायला.

"आता तुझा आवाज कोण बरोबर करणार?" तो म्हणाला. "मला माहीत आहे, पण ऐकू येत नाही. तुला ऐकू येतं, पण माहीत नाही."

खरंच पेच होता. ग्लेनिसने स्वतःचा आवाज बाहेरून कधी ऐकलाच नव्हता. कॅसेट लागली की ती म्हणायची, "ही मी? शी, ही तर कुणी भलतीच." तिच्या हातात बटण देऊन उपयोग काय?

दुसऱ्या दिवशी त्याने मर्व्हला बोलावलं. फोनवर एवढंच म्हणाला, "पेटी जोडलीय. ये, आणि आल्यावर 'मी सांगत होतो' म्हणायचं नाही." मर्व्ह आला आणि खरोखर म्हणाला नाही. ओठ मात्र दोनदा हलले.

लिंडसेने कॅसेट लावली. ग्लेनिसला पेटीसमोर बसवलं. ती बटण इकडे फिरवते, तिकडे फिरवते, मान हलवते. "नाही रे, मला नाही कळत. दोन्हीकडे परकीच वाटते."

तेवढ्यात शेवटचं कडवं आलं. त्यात बाकीच्या सगळ्या सामील होतात. ग्लेनिसचा हात एकदम थांबला.

"थांब. मागे घे. ही मेव्हिस ना?"

मेव्हिस म्हणजे मर्व्हची धाकटी बहीण. अठरा वर्षं चर्चच्या गाण्यात ग्लेनिसच्या उजव्या खांद्याला खांदा लावून उभी असायची. नऊ वर्षांपूर्वी गेली.

"मेव्हिसच," मर्व्ह म्हणाला. त्याने कॉलर सारखी केली. "दातात फट होती तिच्या. 'स' म्हणताना शीळ यायची थोडी."

"तेच म्हणते मी! माझा आवाज मी बाहेरून नाही ऐकला, पण मेव्हिसचा तर रोज ऐकला, या कानाशी. एकाच खोलीत, एकाच मशीनवर आम्ही दोघी आहोत ना? मेव्हिस जिथे बरोबर येईल तिथे मीही बरोबर येणार. हो की नाही?"

लिंडसे तिच्याकडे बघतच राहिला. तीस वर्षं टेलिफोन खात्यात आणि सत्तावीस वर्षं स्पीकरमध्ये घालवून त्याला हे सुचलं नव्हतं.

मग ते कडवं दहा-बारा वेळा वाजलं. ग्लेनिसने डोळे मिटले होते आणि बटण ती केसाएवढं फिरवत होती, भाताला पाणी किती ते बोटाने बघावं तसं. मर्व्ह आधी म्हणाला, "फार शीळ." मग, "आता दात बसवल्यासारखी वाटते." ग्लेनिस म्हणाली, "इथे. हीच आमची मेव्हिस." मर्व्हने खिशातून रुमाल काढून नाक शिंकरलं आणि म्हणाला, "हीच."

लिंडसेने बटणाची खूण बघितली. खुणेवरून आकडा काढणं त्याला तोंडपाठ होतं. साडेचारच्या आसपास आला. साडेचारचा रेझिस्टर बाजारात मिळत नाही. जवळचा मिळतो तो चार पूर्णांक सात. त्याने शहाण्णवची ओळ मर्व्हला दाखवली. त्या सेहेचाळीस वर्षांच्या पोरसवद्याला बरंच कळत होतं म्हणायचं.

"छान झालं," मर्व्ह म्हणाला. "मग माझी पेटीच राहू दे या जोडीला. बटण आहे तिथे आहे. डागायची भानगड नको."

"नाही. डागणार."

"अरे गाढवा, आत्ता डोळ्यांनी बघितलंस ना बटण बाहेर असण्याचा फायदा? अजून पॅसिव्हच?"

"बटण बाहेर राहिलं," लिंडसे म्हणाला, "तर ते मीच फिरवीन. आज नाही, उद्या नाही. पण रोज थोडं-थोडं, मला ऐकू यावं म्हणून. आणि एक दिवस परत बेकन तळायला लागेल. तुझी पेटी चांगली आहे, मर्व्ह. माझा भरवसा नाही."

मर्व्ह उठला आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदा चहाचे कप धुवायला घेऊन गेला.

लिंडसेने त्या दुपारी डागलं. डोरीनच्या जोडीतही जुना आकडा परत बसवला. मग ग्लेनिसच्या जोडीचा तुकडा उलटा करून त्याने पेन्सिल घेतली. '२०२३. ४.७.' लिहिलं, आणि त्याखाली: 'ऐकून ठरवलं, ग्ले. रो.' तिला नेऊन दाखवलं.

"अक्षर बघ कसलं काढलंयस माझ्या नावाचं," ती म्हणाली, आणि तुकडा बराच वेळ हातात धरून बसली.

वाढदिवसाला बावीस माणसं आली. व्हायटिंग मासा, बटाट्याचं सॅलड, बीट, गाजराच्या आणि बिनगाजराच्या पेस्टी वेगवेगळ्या ताटांत. जेवण झाल्यावर लेकीने कॅसेट लावली. जुन्या गाणाऱ्या बायका एकमेकींचे हात धरून बसल्या. डोरीन पेनबर्थी तोंड उघडं टाकून ऐकत होती, आणि त्यातून एक शब्दही येत नव्हता. लेकीने आईला गाताना आजवर कधी ऐकलं नव्हतं. ती उभ्या-उभ्या रडायला लागली. ग्लेनिसने एक हात गळ्यावर ठेवला होता, ऑपरेशनच्या व्रणावर, आणि ती हसत होती.

लिंडसेला गाणं शेजारच्या घरातून आल्यासारखं येत होतं. कडा नाहीत, शीळ नाही, मेव्हिस तर नाहीच. तो समोरच्या तोंडांकडे बघत होता, एकामागून एक. तिसऱ्या बाकावर आपलं तोंड असंच झालं असणार, हे त्याला पटलं.

"कसं झालंय?" कुणीतरी त्याला विचारलं. गावात आवाजाचं शेवटी त्यालाच विचारतात.

"बरोबर आहे," तो म्हणाला.

पाहुणे गेल्यावर दोघं मागच्या व्हरांड्यात बसली. उन्हं उतरली होती. लिंबाची एक फांदी हलत होती.

"आहेत का गं आत्ता?" त्याने विचारलं.

ग्लेनिसने कान दिला. "आहेत."

"किती?"

"तीन. नाही, चार."

"हं," तो म्हणाला, आणि फांदीकडे बघत बसला. "मांजराच्या मालकाकडे एकदा जाऊन यायला हवं."